प्लग आणायला निघालीस? जरा थांब

ऐक गं. ट्रॅक्टर सकाळी लवकर सुरू होत नाही, झालाच तर धूर ओकतो, नांगराला लावला की मान टाकतो. गावात कुणीतरी सांगितलं, "प्लग गेला असेल, चांगल्या कंपनीचा नवा टाका." म्हणून तू पर्समध्ये पैसे घालून लातूरला नाहीतर नांदेडला निघालीस. मृग तोंडावर आलाय, शेजारीपाजारी पाळ्या घालून मोकळे झाले, म्हणजे जीव खालीवर होणारच. पण आधी बस बघ जरा. खरं सांगू का, तुझ्या दारातल्या त्या ट्रॅक्टरला ठिणगीचा प्लग नाहीच. कंपनी चांगली बघून तू तो आणलास तरी बसवायला जागा सापडायची नाही.

हे तुला कुणी नीट सांगितलं नाही, कारण आपल्याकडे मशीनचं बोलणं बाईपर्यंत येईतो अर्धं होतं. म्हणून मी सांगते, आणि तू पूर्ण ऐकायचं. मधे उठून चहा टाकायचा नाही.

मोटारसायकलच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा एकत्र आत जातात आणि प्लगची ठिणगी त्यांना पेटवते. डिझेलच्या इंजिनात आत जाते नुसती हवा. पिस्टन ती हवा सोळा-सतरा पट दाबतो, काही इंजिनांत त्याहूनही जास्त. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं ना, तसंच हे. फक्त इथे हवा 500 अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा मारतं आणि तो आपोआप पेट घेतो. म्हणजे तुझ्या ट्रॅक्टरला तीन गोष्टी लागतात: स्वच्छ हवा, भरपूर दाब आणि नीट फवारा. दुखणं काहीही असू दे, ते या तिघांतच कुठेतरी असतं. एवढं डोक्यात बसलं की मिस्त्री काय बोलतोय ते तुला कळायला लागेल, आणि तो तुझ्याशी वेगळ्या सुरात बोलायला लागेल.

मग प्लगचं खूळ आलं कुठून? मोबाइलवर जुन्या ट्रॅक्टरचे जे परदेशी व्हिडिओ दिसतात, त्यात माणसं खरंच प्लग काढून घासताना दिसतात. ते खोटं नाही. अमेरिकेतला 1939 चा फोर्ड 9-एन पेट्रोलवर चालायचा. इंग्लंडमध्ये 1946 ते 1956 या काळात निघालेला फर्ग्युसन टीई-20 बराचसा पेट्रोलचा आणि रॉकेलसारख्या इंधनाचा होता, त्याला डिझेल इंजिन मागाहून मिळालं. त्यांना प्लग लागायचाच. आपल्याकडे ट्रॅक्टर बनायला लागले ते मात्र डिझेलचे. फरिदाबादच्या आयशरचा 1959 मध्ये आला, महिंद्राने 1963 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढली आणि त्यातून तो बी-275 आला, एचएमटीचा पिंजोरहून 1971 मध्ये, पंजाबचा स्वराज 1974 मध्ये. उदगीर-देगलूरकडे, कंधार-लोह्याकडे आजही वाड्यासमोर जे जुने ट्रॅक्टर उभे दिसतात ते याच घराण्यातले. तुझाही त्यातलाच. तेव्हा परदेशी व्हिडिओ बघून खरेदीची यादी करू नकोस.

आता कामाचं. सुरुवात स्वस्तापासून करायची, महागाकडे शेवटी जायचं. बरेच जण उलटं करतात, पहिल्याच दिवशी डिझेलचा पंप खोलायला देतात.

पहिली बघ बॅटरी. किल्ली फिरवल्यावर सेल्फ "घुर्रर्र" असा जोरात फिरतो की "घुं... घुं..." करत रेंगाळतो? रेंगाळत असेल तर पिस्टन हवा सावकाश दाबतो, दाबताना ती हवा रिंगांवाटे निसटते, तिची ऊब सिलिंडरच्या भिंतीत जाते, आणि डिझेल पेटेल इतकं तापमान होतच नाही. इंजिन धडधाकट असूनही सुरू होत नाही, आणि आपण नोझलला शिव्या घालतो. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर साचलाय का बघ. आधी मायनसची वायर काढायची, मग प्लसची. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासायचं, पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ द्यायचं नाही. कोरडं पुसून आधी प्लस, मग मायनस घट्ट बसवायची, वरून थोडं ग्रीस. इंजिनच्या अंगाला बसवलेली अर्थिंगची जाड वायर सगळे विसरतात. तिच्या बोल्टखालचा गंजही खरवडून काढ. खर्च काय, तर सोडा आणि अर्धा तास.

दुसरं, मधे कधी टाकीतलं डिझेल पार संपेपर्यंत चालवला होता का? चालवणाऱ्याला विचार, आणि रागावून विचारू नकोस, नाहीतर खरं सांगायचा नाही. डिझेल संपलं की नळीत हवा शिरते आणि मग कितीही सेल्फ मारला तरी पंप नुसती हवा ढकलतो. एअर काढावी लागते. फिल्टरच्या डोक्यावर एक छोटा बोल्ट असतो, तो थोडा सैल करायचा आणि फीड पंपाची दांडी हाताने मारत राहायची. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग आलं की दांडी मारता मारताच बोल्ट आवळायचा. एकदा मिस्त्रीच्या शेजारी उभी राहून बघ, दुसऱ्या वेळी तूच करशील. टाकी भरलेली असूनही पुन्हा पुन्हा एअर धरत असेल, तर कुठेतरी वॉशर गेलाय किंवा नळीला चीर आहे, ते शोधायला लाव.

फिल्टरचंही तसंच. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांना दोन असतात, एक कापडी, एक कागदी. कागदी धुऊन परत घालतात ते अजिबात करू द्यायचं नाही. तो धुतला की त्याचे पापुद्रे सुटतात आणि कचरा थेट पंपात जातो. शंभर-दोनशे रुपये वाचवायला जाऊन हजारोंचा पंप घालवायचा, असला व्यवहार आपण घरात तरी करतो का? डिझेल कॅनमध्ये आणून ठेवत असाल तर कॅनच्या तळाला पाणी साचतं, शेवटचं बोटभर डिझेल टाकीत ओतायचं नाही. आणि कुणी "थोडं रॉकेल मिसळा, स्वस्त पडतं" म्हणालं तर हात जोड. डिझेल हेच पंपाचं वंगणही असतं, रॉकेलने पंप आतून कोरडा पडून झिजतो.

मग हवा. आपली काळी माती उन्हाळ्यात नांगरताना कशी उडते ते तुला काय सांगायचं, आणि सोयाबीनच्या मळणीत तर समोरचा माणूस दिसत नाही. तो सगळा धुरळा एअर क्लीनर झेलतो. जुन्या ट्रॅक्टरांना तेलाच्या वाटीचा क्लीनर असतो. खालची वाटी काढ, तळाला काळा गाळ साचला असेल तर तेल फेकून वाटी डिझेलने धू, नवं तेल खुणेपर्यंतच भर. खुणेच्या वर भरलंस तर इंजिन ते तेल ओढून घेतं, जास्त भरल्याने जास्त स्वच्छता होत नाही. मळणीच्या दिवसांत हे रोज संध्याकाळी बघायचं.

एवढं झालं तरी त्रास आहे? मग धुराचा रंग बघ. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त पडतंय किंवा हवा कमी पडतेय, म्हणजे क्लीनर तुंबलाय, नोझल नीट फवारत नाही किंवा पंपाचं बिघडलंय. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर येतंय. तो इंजिन गरम झाल्यावर थांबला तर फार घाबरू नकोस. थांबलाच नाही आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केटची शंका घ्यायची. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, रिंगा आणि बोअरचं काम निघालंय. त्याला नोझल बदलून काही होणार नाही. निळा धूर असताना कुणी तुला नवी नोझलं विकायला लागला तर सरळ विचार, "मामा, तेल जळतंय ना हे?"

आता नोझल. तुझ्या मनातल्या प्लगच्या जागी खरं तर हेच बसलंय. हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरला एक इंजेक्टर असतो, त्याच्या टोकाला बोटाच्या पेराएवढं नोझल. त्यात एक सुई असते, आणि सुई न् तिचं घर यांच्यातली फट काही मायक्रॉनची. दोघं जोडीनेच घासून बनवलेली असतात. म्हणून तीन नोझलं एकत्र धुवायला टाकली आणि सुया अदलाबदल झाल्या, की तिन्ही वाया. मिस्त्री नोझल धुताना वेगवेगळ्या वाट्या घेतो का, एवढं तू नुसतं उभं राहून बघितलंस तरी काम नीट होतं. पॉलिश पेपरने घासू द्यायचं नाही. टोकावरचा कार्बन पितळेच्या तारांच्या ब्रशने काढतात.

कोणतं नोझल खराब आहे हे ओळखायची मिस्त्रींची पद्धत अशी, की इंजिन हळू चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट थोडा सैल करतात. चांगला सिलिंडर असेल तर इंजिन लगेच लंगडतं. नट सैल करूनही आवाजात फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. हे त्यांना करू दे, तू लांबून आवाज ऐक. कारण बघ, नोझलमधून सुटणारा फवारा इतक्या दाबाचा असतो की हाताची कातडी फोडून आत जातो. वरून टाचणी टोचल्याएवढी जखम दिसते, पण आत डिझेल पसरून बोट काढायची पाळी येऊ शकते. कुणाला तसं झालंच तर हळद लावून बसू नका, त्याच तासाला सरकारी दवाखाना गाठा आणि "दाबाचं डिझेल आत गेलंय" असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

खराब नोझल सापडलं की ते पंप दुरुस्तीच्या दुकानात घेऊन जा, लातूर-नांदेडलाच काय, मोठ्या तालुक्याच्या गावीही अशी दुकानं असतात. तिथे हाताने दाब देण्याचं एक टेस्टर असतं. तुझ्यासमोर लावायला सांग. चांगल्या नोझलचा फवारा धुक्यासारखा सगळीकडून सारखा येतो आणि बारीक कुरकुर वाजतो. खराब नोझल पिचकारी मारतं, किंवा मारून झाल्यावर टोकाला थेंब लोंबकळतो. तो थेंब दिसला की तुला कुणाच्या मताची गरज नाही. कधी नुसतं साफ करून आणि कंपनीने दिलेल्या दाबाला परत लावूनही काम भागतं, म्हणून नवं घ्यायची घाई नको. एक खराब निघालं तरी बाकीची तपासून घे, सगळ्यांनी सारखेच तास काम केलंय.

नवं घ्यायचंच झालं तर नुसतं "बी-275 चं द्या" किंवा "मॅसीचं द्या" म्हणू नकोस. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक इंजिनं बदलली आहेत, आणि चाळीस वर्षांत तुमच्या ट्रॅक्टरचा पंप किंवा हेड कुणी बदललं असेल ते कुणास ठाऊक. जुनं नोझल रुमालात गुंडाळून सोबत ने. त्याच्या अंगावर बारीक अक्षरांत नंबर कोरलेला असतो, डीएलएलए आणि पुढे 150 वगैरे. तो आकडा फवाऱ्याच्या कोनाचा असतो. कोन चुकला की फवारा पिस्टनच्या वाटीत पडायच्या ऐवजी कडेला पडतो, काळा धूर येतो, पिस्टन जळतो. अक्षर न् आकडा सगळं जुळलं पाहिजे, "याच्यात ते चालतं हो ताई" यावर जायचं नाही. जुने मिस्त्री अजून "मायकोचं घ्या" म्हणतात, ती कंपनी 2008 पासून बॉशच्या नावाने चालते, आणि तिची नोझलं आपल्या नाशिकच्या कारखान्यात बनतात. नकली माल याच नावाने जास्त खपतो, म्हणून सीलबंद डबी, छापील किंमत आणि पक्कं बिल, तिन्ही हवंच. आणि इंजेक्टर बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवा टाकायला लाव. पाच-दहा रुपयांची वस्तू, पण जुनाच ठेवला तर तिथून दाब निसटतो आणि केलेलं सगळं काम वाया जातं.

तू म्हणशील, "पण मिस्त्रीच म्हणाला प्लग आहे." असेल गं, तोही खोटं बोलत नसेल. काही जुन्या डिझेल इंजिनांना हीटर प्लग असतो. किल्ली अर्धी फिरवून वीस-तीस सेकंद धरायची, तो आतून तापून लाल होतो, मग सेल्फ मारायचा. काही इंजिनांत सिलिंडरमध्ये प्लग नसून हवेच्या वाटेवर एकच हीटर असतो. दोन्ही गोष्टी थंडीतल्या सुरुवातीपुरत्या. डिसेंबरात पहाटे हरभऱ्याला पाळी द्यायला निघताना त्यांची आठवण येते. आत्ता बाहेर चाळीस अंश असताना, आणि इंजिन चालू झाल्यावरही धूर न् लंगडणं राहत असेल, तर पहिला संशय हीटरवर घेऊ नकोस.

तरी घ्यायचाच झाला, तर त्यात एक मेख आहे. खूप जुन्या इंजिनांत हे प्लग एकामागे एक जोडलेले असायचे, प्रत्येक अगदी कमी व्होल्टचा. एक गेला की सगळे बंद. असा प्लग तपासायला कुणी थेट 12 व्होल्टच्या बॅटरीला लावला तर तो तिथेच जळतो, आणि चांगला प्लगही "खराब" ठरतो. नंतरच्या इंजिनांत प्रत्येक प्लगला बॅटरीचा करंट वेगळा मिळतो, ते प्लग वेगळे. म्हणून जुना प्लग काढून त्यावर छापलेले व्होल्ट, आट्यांची जाडी आणि टोकाची लांबी जुळवूनच घ्यायचा. दुकानात "प्लग द्या" म्हणालीस तर काउंटरवर मोटारसायकलचा येईल, तेव्हा "डिझेलचा हीटर प्लग" असं पूर्ण बोल.

आणि एक हात जोडून सांगते. हीटर असलेल्या इंजिनात सुरू होण्यासाठी इथरचा स्प्रे मारू द्यायचा नाही, तो लाल तापलेल्या प्लगवर भडकतो. एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरायची सवयही बंद. बाकी इंजिनजवळ जाताना पदर घट्ट खोचायचा, ओढणी काढूनच ठेवायची. पीटीओचा दांडा मिनिटाला 540 फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. कपड्याचं टोक सापडलं तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. ट्रॅक्टर बंद झाल्याशिवाय त्या दांड्याला हात लावायचा नाही, घरातल्या पोरांना तर तिथे फिरकू द्यायचं नाही.

ठिणगीच्या प्लगचं म्हणशील, तर तो घरात आहेच. पेट्रोलवरचा फवारणी पंप, पॉवर वीडर, गवत कापायचं मशीन, तुझी स्कूटी. लातूरला जाणारच आहेस तर त्यांचा आण. मशीनला औषध लागलेलं असेल तर आधी ते धू, हातमोजे घाल, इंजिन गार होऊ दे, मगच जुना प्लग काढ. टोक विटकरी-तपकिरी असेल तर इंजिन सुखी आहे. कोरडं, काजळीसारखं काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. टू-स्ट्रोक मशीनचं टोक ओलं तेलकट असेल तर पेट्रोलमध्ये टू-टीचं तेल जास्त पडतंय. पांढरंफटक आणि फोड आल्यासारखं असेल तर इंजिन तापतंय, तेव्हा नुसता प्लग बदलून मोकळी होऊ नकोस.

नव्याचाही नंबर जुळवायचा. पॉवर वीडरच्या होंडासारख्या इंजिनाला एनजीकेचा बीपीआर-6-ईएस लागतो, त्याचे आटे 19 मिलिमीटर लांब. लहान टू-स्ट्रोक मशीनला बीपीएमआर-7-ए असतो, त्याचे साडेनऊच. जाडी दोघांची सारखी, 14 मिलिमीटर, म्हणून एकाच्या जागी दुसरा आरामात फिरत जातो. लांब प्लग लहान इंजिनात गेला की पिस्टन त्यावर आपटतो. मधला आकडा उष्णतेचा. एनजीकेत आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनमध्ये नेमकं उलट, म्हणून कंपनी बदलताना आकड्यावरून अंदाज बांधू नकोस, दुकानदाराला तक्ता काढून दाखवायला सांग. टोकातली फट मशीनच्या पुस्तकात असते, त्या होंडा इंजिनाला 0.7 ते 0.8 मिलिमीटर. फीलर गेज फार महाग नसतं, एक घेऊन टाक. बसवताना आधी नुसत्या बोटांनी पूर्ण फिरव, आटे वाकडे गेले तर बोटांना लगेच कळतं. शेवटी पान्याने नव्या प्लगला अर्धा फेरा, बस्स.

आता उद्या काय करायचं, तर सकाळी उन्हाआधी बॅटरीची टोकं साफ कर आणि सेल्फचा आवाज ऐक. मग फिल्टर, एअर, क्लीनरची वाटी. मिस्त्रीला बोलवायचं ते त्यानंतर, आणि त्याने काढलेली प्रत्येक जुनी वस्तू स्वतःकडे ठेवून घ्यायची. नोझलवरचा नंबर पुसट असेल तर रॉकेलच्या बोळ्याने पुसून मोबाइलवर फोटो काढ न् मला पाठव. बाजारात जायच्या आधी आपण दोघी बघून घेऊ.